मेढ्याच्या माडीवरची इर्जिक

आषाढ लागला आणि धाकट्या बहिणीचा मेढ्याहून फोन आला. क्षेमकुशल विचारून झाल्यावर ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा, तू एकदा येऊन जा. त्याला तूच समजावून सांग. माझं ऐकत नाही." 'तो' म्हणजे माझा भाचा. पुण्यातील एका कंपनीत पाच वर्षे संगणक अभियंता म्हणून काम केल्यावर तो दोन वर्षांपूर्वी मेढ्याला परतला होता. मेहुण्यांच्या निधनानंतर आईला एकटे ठेवायचे नाही, हे त्याचे कारण सर्वांना पटले होते. परंतु आता दुसऱ्या एका कंपनीकडून बोलावणे आले होते. आईला सोबत घेऊन पुण्यात बिऱ्हाड करता येईल एवढा पगार होता, आणि तरी तो नाही म्हणत होता. "दिवसभर संगणकापुढे बसून परक्यांची कामं करतो, आणि त्यातली निम्मी फुकट," ही बहिणीची तक्रार होती. ज्याचे सारे आयुष्य बँकेत गेले, त्याच्या कानाला 'फुकट' हा शब्द मानवत नाही. चातुर्मास बसण्यापूर्वी जाऊन यावे असे ठरवून मी सांगलीहून निघालो.

साताऱ्याच्या स्थानकावर एस.टी. बदलली. मोळाचा ओढा मागे पडला, कोंडव्यानंतर वस्ती विरळ झाली आणि पावसाच्या पडद्याआडून कण्हेर धरणाचा जलाशय दिसू लागला. हे धरण वेण्णा नदीवर आहे. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली वेण्णा मेढ्यावरून वाहत येते, या धरणात विसावते आणि पुढे संगम माहुलीला कृष्णेस मिळते. सांगलीच्या घाटावर आम्ही रोज जे पाणी पाहतो त्यात मेढ्याचाही वाटा आहे, हे ठाऊक असूनही कधी मनात आले नव्हते.

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. तहसील कचेरी, न्यायालय, पंचायत समिती, एस.टी. स्टँड आणि मुख्य रस्त्याच्या दुतर्फा दुकाने, एवढा त्याचा पसारा. केळघरचा घाट चढून महाबळेश्वरास जाणाऱ्या मोटारी येथे चहापुरत्या थांबतात आणि निघून जातात. इतिहासात जावळी गाजली ती चंद्रराव मोऱ्यांमुळे आणि १६५६ साली शिवाजी महाराजांनी हा मुलूख स्वराज्यात आणल्यामुळे. आपल्या काळात तिचे नाव उजळले ते मेढ्याजवळच्या केडंबे गावचे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांनी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत अतिरेक्याची बंदूक त्यांनी छातीशी धरून ठेवली आणि प्राण दिले. पोटासाठी मुंबईस गेलेल्या असंख्य जावळीकरांपैकी ते एक होते. डोंगरउताराची शेती आणि पावसावरचे भात यांवर कुटुंब चालत नाही. म्हणून येथील पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत माथाडी म्हणून राबली आणि गावाकडे मनीऑर्डरी पाठवीत राहिली. अशा तालुक्यात शिकलेला मुलगा बाहेरून परत येऊन राहतो, ही गोष्ट आईच्या मनात आनंदापेक्षा धास्तीच निर्माण करणार. बहिणीचे दुःख मला त्या एस.टी.तच समजू लागले होते.

बहिणीचे किराणा दुकान खाली आणि घर माडीवर. दुकान आता ती आणि एक मदतनीस मिळून पाहतात. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकली. वीज दोनदा गेली, दोनदा आली. भाच्याच्या खोलीतील इन्व्हर्टरवर मात्र त्याचे काम अखंड चालू होते. मी सरळ विषय काढला. तो हसून म्हणाला, "मामा, तुम्ही आज दमलात. उद्या सकाळी माझ्याशेजारी दोन तास बसा. मग जे सांगाल ते ऐकेन." कर्जदाराची जागा प्रत्यक्ष पाहिल्यावाचून अहवाल लिहू नये, हे मी कनिष्ठ अधिकाऱ्यांना सांगत आलो होतो. मला ते मान्य करावेच लागले.

सकाळी जिनदर्शनाची प्रार्थना घरच्या घरी आटोपून मी माडीवर गेलो. संगणकाचा प्रोग्रॅम मुळात माणसाने माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला असतो. त्या मूळ लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. बाजारात विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हे मूळ लिखाण कंपनीकडे राहते. आपल्याला मिळतो तो केवळ यंत्राला कळणारा तर्जुमा. तो चालविता येतो, पण वाचता येत नाही आणि दुरुस्तही करता येत नाही. ओपन सोर्समध्ये मूळ लिखाण सर्वांसाठी खुले असते. कोणीही ते वाचावे, वापरावे, बदलावे आणि दुसऱ्याला द्यावे.

या विचाराचा उगम एका छपाईयंत्रात आहे, ही गोष्ट भाच्याने रंगवून सांगितली. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रॅमर होते. तेथील छपाईयंत्रात कागद अडकत असे. यंत्र चालविणाऱ्या प्रोग्रॅममध्ये थोडी भर घातली, तर अडकल्याची सूचना सर्वांना मिळाली असती. परंतु मूळ लिखाण त्यांना मिळाले नाही. ज्याच्याकडे ते होते, त्याने ते कोणास न दाखविण्याचा करार केलेला होता. शेजाऱ्याला मदत करणे हाच जेथे करारभंग ठरतो, ती व्यवस्था स्टॉलमन यांना मान्य होईना. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. आठ वर्षांनी, ऑगस्ट १९९१ मध्ये, हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, असे कळवून लोकांच्या सूचना मागविल्या. तिचेच पुढे लिनक्स झाले. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून त्याच्यावरच चालतात. आपल्या आधार क्रमांकाची यंत्रणा उभारतानाही ओपन सोर्सचा आधार घेतला गेला. मी पेन्शन पाहण्यासाठी रोज ज्या फोनला हात लावतो, त्याच्या मुळाशी असे 'फुकटचे' काम आहे, हे मला पासष्टी ओलांडल्यावर कळले.

"मराठीतही हे आहे," भाचा सांगू लागला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो स्वयंसेवकांच्याच हातांनी. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने घडविलेले 'मुक्त' हे देवनागरी वळण कोणीही विनामूल्य वापरू शकतो. कदाचित आमच्या पाठशाळेची पत्रके त्यातच छापली जात असतील.

माझा प्रश्न मात्र जागच्या जागी होता. हे सारे करणाऱ्याला काय मिळते? त्याचे उत्तर त्या दिवशी संगणकाबाहेर मिळाले.

दुपारी पाऊस ओसरला तेव्हा आम्ही नदीकडे फिरायला गेलो. खाचरांत भाताची लागण चालू होती. एका खाचरात वीस-पंचवीस बायामाणसे ओळीने वाकून रोपे लावीत होती, आणि शेजारची खाचरे मोकळी होती. बांधावर उभे असलेले एक वृद्ध शेतकरी बहिणीच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक निघाले. एवढी मजुरी परवडते का, असे मी विचारताच ते हसले. "मजुरी कशाची, सायेब? घरधनी पाय मोडून पडलाय. गावानं इर्जिक घातलीया."

इर्जिक हा शब्द मी ऐकला होता, पण त्याचा व्यवहार नीट समजून घेतला नव्हता. त्यांनी तो समजावून सांगितला. सावड निराळी आणि इर्जिक निराळी. सावडीत आज मी तुझ्या रानात एक दिवस राबलो, तर उद्या तू माझ्या रानात एक दिवस यायचे. तेथे मोजणी असते. इर्जिकीत मोजणी नसते. ज्याचे काम अडले त्याच्याकडे सर्वांनी जायचे आणि त्याने सर्वांना पोटभर जेवू घालायचे, एवढाच हिशेब. "मग तिसऱ्यांदा बोलावलं आणि स्वतः कधीच कुणाकडे गेला नाही, असा कोणी असतो की नाही?" माझ्यातील बँकवाल्याने विचारले. "असतो की," म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "वहीत लिहीत न्हाई कुणी. पर समद्यांच्या ध्यानात असतं."

परतताना भाचा म्हणाला, "मामा, आमचे परवानेसुद्धा असेच दोन तऱ्हेचे आहेत." एका तऱ्हेत लिहिणारा म्हणतो, घ्या आणि हवे ते करा, फक्त माझे नाव राहू द्या. ही झाली इर्जिक. दुसरी तऱ्हा स्टॉलमन यांच्या जी.पी.एल. या परवान्याची. तो १९८९ साली प्रथम आला. त्यात अट अशी, की माझे लिखाण घेऊन तुम्ही त्यात सुधारणा केलीत आणि ते पुढे कोणास दिलेत, तर सुधारलेले मूळ लिखाणही त्याच मोकळिकीने द्यावे लागेल. ही झाली सावड. घेतल्याची फेड येथे कायद्याने बांधलेली आहे. लेखकाचा स्वामित्वहक्क वाटा अडविण्यासाठी न वापरता वाटा मोकळा ठेवण्यासाठी वापरायचा, ही कल्पना मला वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून फार चतुर वाटली. तारण म्हणून ठेवलेली वस्तू येथे सावकाराऐवजी सर्व गावाच्या नावे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा माडीवर गेलो, या वेळी आपणहून. भाचा एका खुल्या हिशेबप्रणालीवर काम करीत होता. तिच्यातील शब्दांचे मराठीकरण कोणीतरी यंत्राकडून करून घेतले होते, आणि ते पाहून मी खो-खो हसलो. 'क्रेडिट नोट' या शब्दासाठी 'श्रेय टीप' आणि 'आउटस्टँडिंग अमाउंट' या शब्दांसाठी 'उत्कृष्ट रक्कम'! वसूल न झालेल्या रकमेला उत्कृष्ट म्हणणारी प्रणाली माझ्या कारकिर्दीत असती, तर कित्येक शाखाधिकारी सुखी झाले असते.

"हसू नका, सुधारा," भाच्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. 'श्रेय'च्या जागी 'जमा' असे मी सांगितले. 'उत्कृष्ट रक्कम' खोडून क्षणाचाही विचार न करता 'थकबाकी' असे लिहावयास लावले. त्याने दोन्ही दुरुस्त्या कारणांसह पाठविल्या. "आता त्या लागू झाल्या ना?" मी विचारले. "छे! आता दुसरं कोणीतरी तपासेल. स्वतःचं काम स्वतः मंजूर करायचं नाही, हा आमच्याकडचा नियम आहे."

मी चमकलो. हा तर आमचा मेकर-चेकर! बँकेत एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती तपासून सही करावयाची. मॅनेजर कितीही मोठा असो, स्वतः केलेली नोंद त्याने स्वतः पास करावयाची नाही. बँकेतील फसवणुकीची बहुतेक प्रकरणे, 'माणूस विश्वासू आहे' म्हणून हा नियम शिथिल झाल्यावर घडतात. ज्या जगाला मी स्वैर, हौशी आणि बेहिशेबी समजत होतो, तेथे हा नियम आमच्यापेक्षाही कडक होता. शिवाय आमचा चेकर शेजारच्या टेबलावर बसे आणि कित्येकदा चहा पीत पीत सही करी. येथे तपासणी सर्वांच्या देखत होते. कोणी काय बदलले, का बदलले, कोणी आक्षेप घेतला, कोणी मान्य केले, याची तारीखवार नोंद कायम राहते. या नोंदी ठेवणारी 'गिट' ही व्यवस्था टोरवाल्ड्‌स यांनीच २००५ साली लिहिली. तिच्यात मागील नोंद गुपचूप खोडता येत नाही. प्रत्येक पान मागच्या पानाशी शिवलेले आहे, अशी ती रोजकीर्द समजावी.

संध्याकाळी उत्तर आले. तपासणारी मुलगी नागपूरकडची आहे एवढेच भाच्याला ठाऊक होते. त्यांची कधी भेट झालेली नव्हती. 'जमा' तिने लगेच मान्य केले. 'थकबाकी'वर मात्र तिचे दोन आक्षेप होते. पहिला असा, की बिलाची मुदत अजून उलटलेली नसताना त्या रकमेस थकबाकी कसे म्हणता येईल? गिऱ्हाईक विनाकारण थकबाकीदार ठरेल. दुसरा असा, की हाच शब्द प्रणालीत गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या आणि व्यापाऱ्याला देण्याच्या, अशा दोन्ही रकमांसाठी येतो. म्हणून 'येणे'ही चालणार नाही. 'बाकी रक्कम' कसे वाटते?

मी गप्प झालो. तिचे दोन्ही मुद्दे बरोबर होते. मुदतीतील येणे आणि मुदत उलटलेले येणे यांतील फरकावर मी बँकेच्या प्रशिक्षणवर्गांत व्याख्याने दिली होती, आणि नेमकी तीच चूक करून बसलो होतो. गंमत अशी, की तिला माझे वय, हुद्दा, पदवी यांतील काहीच ठाऊक नव्हते. तिच्यापुढे फक्त शब्द होता. कार्यालयात एखाद्या कनिष्ठ मुलीने मला असे सांगितले असते का? मी सांगू दिले असते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रात्री फारसे सुखाचे वाटले नाही. 'बाकी रक्कम' मी मान्य केले. भाचा म्हणाला, "आता हे अपस्ट्रीमला गेलं." मूळ प्रवाहाला त्यांच्याकडे अपस्ट्रीम, म्हणजे वरच्या अंगाचे पाणी म्हणतात. आपल्यापुरती दुरुस्ती करून स्वस्थ बसले, तर ती आपल्याच हौदात राहते. वर दिली, तर खालच्या सर्वांना मिळते. मला वेण्णा आणि सांगलीचा घाट आठवला.

एवढे कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगितली नाही तर तो एकांगी अहवाल होईल. या जगातील दोष मी खोदून खोदून विचारले आणि भाच्यानेही ते लपविले नाहीत.

पहिला दोष, घेणारे फार आणि करणारे थोडे. संकेतस्थळांवरील गुप्तता राखणाऱ्या ओपन-एस-एस-एल या प्रणालीत २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाची मोठी त्रुटी सापडली. जगभरच्या व्यवहारांना आधार देणारी ती प्रणाली पूर्ण वेळ सांभाळणारा एकच माणूस होता आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर येत होत्या. मोठ्या कंपन्यांनी त्यानंतर निधी उभारला. पण आपत्ती आल्यावर. ज्याला सर्वजण वापरतात त्याची जबाबदारी कोणाचीच नसते, हे गावच्या पाणवठ्यापासून सर्वत्र दिसते.

दुसरी घटना २०२४ ची. फाइली संकुचित करणाऱ्या 'एक्स-झेड' नावाच्या लहानशा प्रणालीचा एकटा सांभाळणारा थकला होता. 'जिया तान' असे नाव धारण केलेली एक व्यक्ती सुमारे दोन वर्षे नेमाने मदत करीत राहिली, विश्वास संपादन करून सूत्रे हाती घेतली, आणि मग तिने त्यात चोरदरवाजा बसविला. तो उघडकीस आणला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. आपल्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हे त्यांच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! आमच्या तरुणपणी शाखेत लेजरचे बॅलन्सिंग करताना काही पैशांचा फरक आला, तर रात्री दहापर्यंत सर्वजण बसत. घरची माणसे म्हणत, चार आणे खिशातले टाका आणि घरी या. परंतु चार आण्यांच्या फरकामागे चार हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. फ्रॉइंड यांनी अर्धा सेकंद 'राइट ऑफ' केला नाही, आणि मूळ लिखाण खुले असल्यामुळे त्यांना त्याच्या मुळाशी जाता आले. मी त्या अनोळखी माणसाला मनोमन नमस्कार केला.

तिसरा दोष वाणीचा. हुद्दा पाहिला जात नाही हे चांगले, पण त्यामुळे काहींना वाट्टेल तसे बोलण्याचा परवाना मिळाल्यासारखे वाटते. दस्तुरखुद्द टोरवाल्ड्‌स आपल्या पत्रांतील जहाल आणि अपमानकारक भाषेबद्दल प्रसिद्ध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर क्षमा मागितली, काही काळ काम थांबविले आणि त्याच सुमारास लिनक्सच्या कार्यकर्त्यांसाठी आचारसंहिताही आली. मी पंचांगाचा हिशेब करून पाहिला. ते दिवस आपल्याकडे दशलक्षण पर्वाचे होते. त्यांना त्याची कल्पना असण्याचे कारण नाही. परंतु सत्य बोलताना ते हित, मित आणि प्रिय असावे, ही भाषासमितीची शिकवण माणसाला कोठे ना कोठे शिकावीच लागते.

रात्री बहिणीशी बोलताना मला मूडबिद्रीची आठवण झाली. धरसेनाचार्यांकडून गिरनारच्या गुहेत ज्ञान घेऊन पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी षट्खंडागम ग्रंथबद्ध केला, म्हणून आपण श्रुतपंचमी साजरी करतो. त्या ग्रंथाची आणि वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीच्या वसदीत होती. ती दर्शनासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या प्रयत्नांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रती उतरविण्याचे काम सुरू झाले. ते काम करणारे गजपती उपाध्याय यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने आणखी एक प्रत गुप्तपणे तयार केली. ती सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या. अखेर १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादकत्वाखाली आपल्याच अमरावतीहून धवलेचा पहिला खंड छापून आला. सोळावा खंड येण्यास १९५८ उजाडले. आज कोणीही तो उघडून वाचू शकतो आणि पाठभेद दाखवू शकतो.

गुप्तपणे प्रत काढावी लागणे हे कोणालाही भूषणावह नव्हते. ओपन सोर्सचा मार्ग त्याहून सरळ आहे, कारण तेथे लिहिणारा स्वतःच दार उघडे ठेवतो. परंतु ज्याची आपण पूजा करतो ते वाचता यावे आणि त्याची प्रत दुसऱ्याला देता यावी, ही तळमळ मला दोन्हीकडे एकच दिसली. आहार, औषध, अभय यांच्या जोडीने आपल्या पूर्वजांनी शास्त्रदान हे चौथे दान सांगितले. प्रती लिहवून मंदिरोमंदिरी देणाऱ्या श्रावक-श्राविकांना कोणी 'फुकट काम करणारे' म्हटल्याचे ऐकिवात नाही.

बहीण ऐकत होती. मग म्हणाली, "दादा, शास्त्रदान खरं. पण ते करणाऱ्यांचं घर आधी भरलेलं होतं." माझ्या सर्व युक्तिवादांवर हे एक वाक्य भारी होते. म्हणून शेवटच्या दिवशी मी जे मला खरोखर येते ते केले. भाच्याकडून दोन वर्षांचे जमाखर्च मागितले आणि तपासले.

त्याचा व्यवसाय असा, की सातारा-कराडकडील लहान कारखाने व पतसंस्था यांना तो खुल्या हिशेबप्रणाली बसवून देतो, माणसांना शिकवितो आणि वर्षभर सांभाळतो. सॉफ्टवेअरचे मोल घेत नाही, सेवेचे घेतो. या मार्गाने मोठा उद्योगही उभा राहिला आहे. मुंबईचे रुशभ मेहता यांनी कौटुंबिक व्यवसायात संगणकप्रणाली बसविताना आलेल्या अडचणींतून 'ई-आर-पी-नेक्स्ट' ही खुली प्रणाली घडविली. ती आज देशोदेशी वापरली जाते, आणि त्यांची 'फ्रापे' ही कंपनी उत्पन्न मिळविते ते सेवेतून. भाच्याचा जमाखर्च त्या मानाने चिमुकला. पण तो खोटा नव्हता. उत्पन्न पुण्याच्या पगाराच्या निम्मेही नव्हते. मात्र घरभाडे नाही, खर्च बेताचा आणि दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा बरे. बहिणीला वाटत होते तसे निम्मे काम फुकट नव्हते. आठवड्यातील साधारण दीड दिवस तो सामाईक कामास देत होता, आणि त्यातूनच त्याची गिऱ्हाइके त्याला ओळखू लागली होती.

उणिवाही होत्या आणि त्या मी लिहून दिल्या. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी ठेव बाजूला नाही. आरोग्यविमा नाही. निम्मे उत्पन्न एकाच गिऱ्हाइकाकडून येते, ही जोखीम आहे. दोन वर्षांत या तीन गोष्टी दुरुस्त झाल्या नाहीत, तर नोकरीचा विचार पुन्हा करावा. भाच्याने कागद वाचला आणि विचारले, "मामा, हे मंजूर कोण करणार? मेकर तुम्ही आहात." आम्ही दोघांनी बहिणीकडे पाहिले. तिने कागद घेतला, 'दोन वर्षे' खोडून 'दीड वर्ष' लिहिले आणि तो देव्हाऱ्याजवळ ठेवला. तिची धास्ती संपली, असे मी म्हणणार नाही. पण तिला आता मुदत ठाऊक होती.

परतीच्या एस.टी.तून मी ते खाचर शोधले. त्याची लागण पूर्ण झाली होती आणि माणसे शेजारच्या रानात पसरली होती.

सांगलीस आल्यापासून मी रोज सकाळी एक तास मराठी हिशेबशब्द तपासतो. 'तारण' आणि 'गहाण' यांवर नागपूरच्या त्या मुलीशी माझा वाद चालू आहे. आपल्या समाजात निवृत्त बँक अधिकारी, लेखापाल, शिक्षक, वकील पुष्कळ आहेत. शब्दांचे अचूक अर्थ आपल्यापाशी पडून आहेत आणि यंत्र 'श्रेय टीप' लिहीत आहे. ज्यांच्या घरी असा भाचा, पुतणी किंवा नातू असेल, त्यांनी त्याच्या शेजारी दोन तास बसून पाहावे. खुर्ची तो नक्की सरकवील.